पेल्यांवरील नावे

आमच्या घरी दारूचा थेंब येत नाही, आणि दारूचे एकतीस पेले मात्र आहेत. पहिले वाक्य ऐकून धर्मग्रामातील मंडळी मान डोलावतात. दुसरे ऐकून भुवया उंचावतात. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात या पेल्यांना जागा नाही. पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत, जुन्या धोतरांच्या घड्यांमध्ये ते ठेवलेले असतात. ही व्यवस्था आमच्या सौ.ची. तिचे कारण पुढे ओघाने येईलच.

हे पेले म्हणजे पूर्वीच्या व्हिस्कीवाल्यांनी आणि मद्यविक्रेत्यांनी आपले नाव घालून गिऱ्हाइकांना वाटलेली जाहिरात. आजकाल कंपन्या दिनदर्शिका आणि पेनं वाटतात, तशीच ही तऱ्हा. अमेरिकेत या पेल्यांचे वेड फार. १९२० साली तेथे देशभर दारूबंदी आली, त्याआधीच्या तीसेक वर्षांत गावोगावच्या व्हिस्की व्यापाऱ्यांनी असे लहान पेले फुकट वाटले. जॉर्ज ट्रुऑग नावाच्या कारागिराचा मेरीलँड राज्यातील कंबरलँड येथे काचेवर अक्षरे कोरण्याचा कारखानाच होता. १९३३ साली बंदी उठली तोवर बहुतेक लहान व्यापारी नामशेष झाले होते. दुकान गेले, कागदपत्रे गेली, उरला तो पेला. तेव्हा तिकडील संग्राहक पेल्यावरील नाव धरून जुन्या नोंदी चाळतात आणि तो व्यापारी कोण होता, कुठे राहत होता, त्याचे पुढे काय झाले, याचा माग काढतात. आम्ही भुसावळात बसून तेच करतो, एवढेच. आमच्याकडेही दारूबंदी आली होतीच; तिने येथील मद्यविक्रेत्यांचीही अशीच वाताहत केली.

भुसावळात हे पेले आले कसे, असे बाहेरगावचे लोक विचारतात. भुसावळकर विचारत नाही. १८६७ साली नागपूरचा फाटा सुरू झाला आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, तेव्हापासून पूर्वेकडे जाणारा प्रत्येक साहेब या जंक्शनवरून गेला. येथे इंजिने बदलत, कोळसा-पाणी भरले जाई, चालक आणि गार्ड विसाव्याला उतरत. रेल्वेच्या बंगल्यांतून इंग्रज अधिकारी होते, चाळींतून अँग्लो-इंडियन, गोवेकर, ईस्ट इंडियन, मद्रासी अशी आपली ख्रिस्ती मंडळी होती. क्लब होते, इन्स्टिट्यूट होती, उपाहारगृहे होती. स्वातंत्र्यानंतर यांतील कित्येक कुटुंबे विलायतेस आणि ऑस्ट्रेलियास निघून गेली. जाताना पियानो विकला, खुर्च्या विकल्या. पेले स्वयंपाक्याला देऊन टाकले. स्वयंपाक्याच्या घरी त्यांत दिवा लागला, नाहीतर मिसरी ठेवली गेली. तेथून ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर आले आणि हातगाडीवरून आमच्याकडे. आमचा पहिला पेला १९८१ साली जामनेर रोडवर सव्वा रुपयाला मिळाला. भंगारवाला पुढे हुशार झाला, हे वेगळे सांगावयास नको.

पेला हाती आला की प्रथम अक्षरांवरून नख फिरवावे. जुन्या पेल्यांवर काचेला मेणाचा थर देऊन अक्षरांपुरता तो उघडा ठेवीत आणि त्यावर हायड्रोफ्लोरिक आम्लाचा प्रयोग करीत. आम्ल काच खाते, तेथे दुधी खरखरीत अक्षर उमटते. ते धुऊन जात नाही, घासून फार कमी होते. नंतरच्या काळात रंग भाजून छापलेली अक्षरे आली, ती नखाला उंच लागतात. मग तळ पाहावा. साच्याची शीण कुठपर्यंत आहे, काचेत बुडबुडे आहेत काय, काठाची सोनेरी रेघ झिजली आहे काय. कित्येक पेल्यांवर पेगची आडवी रेघ असते. विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून ती कोरलेली असली, तरी दोन पेले शेजारी ठेवले की दोन रेघा एका पातळीत येतीलच असे नाही. सर्वांत शेवटी नाव आणि पत्ता. पत्त्यातील रस्त्याचे नाव कधी बदलले हे ठाऊक असले की काळ बराच आवळता येतो.

विलायती कंपन्यांची नावे शोधण्यात फारशी गंमत नाही. त्यांचे इतिहास त्यांनीच लिहून ठेवलेले आहेत. आमच्याकडे व्हॅट ६९ चा एक पेला आहे. विल्यम सँडरसनने अनेक पिपांत निरनिराळी मिश्रणे केली, जाणकारांना चाखावयास बोलावले, आणि एकोणसत्तराव्या पिपाला त्यांनी पसंती दिली. म्हणून १८८२ पासून हे नाव. पुढे हिंदी चित्रपटांतील खलनायकांनी ते नाव इतके गाजविले की पेला पाहून नातवंडे टाळ्या पिटतात. एका वयोवृद्ध फादरांनी मात्र तो हाती घेऊन आम्हांला गंभीरपणे विचारले, "पोपमहोदयांचा टेलिफोन नंबर ठाऊक आहे काय?" आम्ही नाही म्हणालो. "व्हॅट ६९," असे म्हणून फादर स्वतःच खो खो हसले. विनोद जुना आहे, पण धर्मगुरूच्या तोंडून ऐकला की नवा होतो.

आम्हांला खरे कुतूहल आहे ते या देशात बसून मद्य विकणाऱ्यांचे. यांत ज्या एका पेल्याने आम्हांला वर्षानुवर्षे झुलविले, त्यावर 'फिप्सन अँड कंपनी, बॉम्बे' एवढीच अक्षरे आहेत. जाड बुडाचा, काठ एके ठिकाणी टवका उडालेला. प्रारंभी आम्हांला वाटले, असेल कोणी फोर्टातला साहेब, पैसा मिळवून गेला असेल परत. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात तीन दिवस बसून आम्ही जुन्या डिरेक्टऱ्या पाहिल्या, आणि मग जे हाती लागत गेले त्याने आम्ही थक्क झालो.

हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन हा मुंबईतील मद्याचा घाऊक व्यापारी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. संस्थेला जागा नव्हती. १८८४ च्या आरंभी फिप्सनने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील जागा देऊ केली. दोन वर्षांनी पेढी अपोलो स्ट्रीटवर गेली तेव्हा संस्थाही तिच्यामागून गेली. पुढे दारात मद्याचा व्यवहार आणि मागे पेंढा भरलेले पक्षी, सापांच्या बरण्या, फुलपाखरांच्या पेट्या असा तो संसार चालला. विल्यम नावाचा एक जिवंत ककणेर, म्हणजे मोठा धनेश पक्षी, १८९४ पासून १९२० पर्यंत तेथे मुक्कामाला होता. आजही धनेश हेच त्या संस्थेचे बोधचिन्ह आहे आणि तिच्या मुंबईतील वास्तूचे नाव हॉर्नबिल हाउस आहे.

याच फिप्सनने १८८९ साली डॉ. एडिथ पीची या विदुषीशी विवाह केला. एडिनबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या सात स्त्रियांपैकी ही एक. १८८३ च्या अखेरीस ती मुंबईस आली आणि स्त्रियांसाठी उभारलेल्या कामा इस्पितळाची प्रमुख झाली. हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणाव्यात म्हणून जी चळवळ मुंबईत झाली, तिच्या पुढाऱ्यांत हा दारूचा व्यापारी होता. बालविवाह नाकारून न्यायालयात उभी राहिलेली रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाली, तिच्या पाठीशी एडिथ पीची होती. रखमाबाई ही डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी, हे ध्यानात घेतले म्हणजे मद्याच्या त्या दुकानात कोणकोणत्या गोष्टी बोलल्या जात असतील याची कल्पना येते. नाशिकजवळ स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी या दांपत्याच्या नावाचे आरोग्यधामही निघाले. आमच्या गाडीच्या वाटेवरचे नाशिक!

फिप्सनच्या पेढीत मदतीसाठी १८८४ साली विलायतेहून एक तरुण आला. त्याचे नाव वॉल्टर सॅम्युएल मिलर्ड. मालकाबरोबर त्यानेही सोसायटीचे काम उचलले आणि पुढे तोच तिचा चिटणीस झाला. १९०८ च्या सुमारास खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारण्यासाठी मामांची चिठ्ठी घेऊन तो मुलगा भीत भीत याच मिलर्डसाहेबांकडे गेला. साहेबांनी पक्षी ओळखला, मुलाला कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखविले, पुस्तके वाचावयास दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. आणि आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर वनस्पतिशास्त्र शिकवीत. १९०६ साली सुरू झालेला तेथील वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. या स्वित्झर्लंडच्या धर्मगुरूने आणि या मद्यव्यापाऱ्याने मिळून हिंदुस्थानातील सुंदर वृक्षांवर लेखन केले. फादर ब्लॅटर १९३४ साली पुण्यात निवर्तले. दोघांच्या नावाचे पुस्तक १९३७ साली बाहेर पडले. बहावा, पांगारा, गुलमोहर यांची रंगीत चित्रे असलेले ते पुस्तक आम्ही एकदाच पाहिले आहे. त्या दिवसापासून टवका उडालेला पेला धोतराच्या सर्वांत मऊ घडीत जातो.

सर्वच पेले असे सुखावतात असे मात्र नाही. एकावर डायर मीकिन हे नाव आहे. हिमाचलातील कसौली येथे एडवर्ड डायर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मद्याचा कारखाना काढला. पुढे मीकिन या दुसऱ्या मद्य-उत्पादकाशी त्या धंद्याची सांगड पडली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, नरेंद्रनाथ मोहन यांनी ही कंपनी घेतली आणि आणखी काही वर्षांनी डायर हे नाव पाटीवरून उतरले. ते उतरावे हे योग्यच झाले. कारण एडवर्ड डायरचा मुलगा म्हणजे १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर. बापाच्या धंद्याचा मुलाच्या कृत्याशी संबंध लावणे न्यायाचे नाही, हे आम्हांला समजते. तरीही हा पेला आम्ही फारसा हातात घेत नाही.

येथवर व्हिस्कीची गोष्ट झाली. परंतु खानदेशात मद्याचा खरा पैसा व्हिस्कीत नव्हता. तो मोहात होता. सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल, पावरा पूर्वापार मोहाची फुले वेचून घरीच दारू गाळीत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने सरकारने गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात काढला, आणि फुले वेचणाऱ्यालाच त्या फुलांची दारू दुकानातून विकत घेण्याची पाळी आली. आपण दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतो. गुत्ता म्हणजे मूळचा मक्ता. हे मक्ते घेणाऱ्यांत पारशी पुष्कळ होते. पिठावाला, दारूवाला, ताडीवाला, बाटलीवाला ही आडनावे त्या काळाची शिल्लक आहेत. दूर रानात एकटे दुकान मांडून राहणारे हे लोक कर्जही देत, जमिनीही गहाण घेत. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक 'देवी' अंगात येऊन फिरू लागली. दारू सोडा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका, असे ती आदिवासींना सांगे. ती लाट नाशिक, डांग, सुरतेपर्यंत आणि आपल्या खानदेशातही पोहोचली. पुढे १९३७-३८ मध्ये तळोद्याकडील गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांकडून दारू सोडविली. त्यांचा 'आप' संप्रदाय आजही नंदुरबारकडे आहे. मोहाच्या दारूवाल्याने पेल्यावर नाव कोरून जाहिरात केल्याचे आम्ही कुठे पाहिले नाही. एकच दुकान असलेल्या रानात जाहिरात करावी कोणाकडे?

मग दारूबंदी आली. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती प्रथम लागू झाली, तेव्हा अबकारी खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी होते, आणि त्यांच्याच समाजाच्या पोटावर तिचा पाय पडत होता. मंत्रिमंडळ लौकरच गेले. १९४९ साली नवा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. आपल्या मिस्साबलीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची सोय त्या कायद्यात वेगळी करून ठेवलेली होती. बाकीच्यांना डॉक्टरची चिठ्ठी आणि सरकारचा परवाना. कायद्याने दुकाने बंद झाली, तहान बंद झाली नाही. मुंबईत 'आंटी'चे अड्डे निघाले. त्या आंटी बहुधा कोण होत्या, हे या नियतकालिकाच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. घरात कमावता माणूस नसलेल्या, पदरी मुले असलेल्या त्या आपल्याच बाया होत्या. त्यांच्यावर विनोद पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या संसाराचा हिशेब कोणी मांडलेला आम्हांला ठाऊक नाही.

आता शेवटच्या पेल्याकडे वळतो. तो भुसावळचाच आहे. इंग्रजीत एका पारशी गृहस्थाचे नाव, त्याखाली 'वाइन मर्चंट, भुसावळ'. नाव येथे देत नाही. त्यांची माणसे हयात आहेत. हा पेला १९९४ साली मिळाला आणि नावाचा माग लागायला एकवीस वर्षे लागली. डिरेक्टरीत एक ओळ मिळाली, तिच्यात पत्ता नव्हता. ज्या म्हाताऱ्यांना विचारावे ते 'स्टेशनाबाहेर होतं बुवा दुकान' एवढेच सांगत. अखेर लोको शेडमधील आमच्या एका पारशी सहकाऱ्याच्या मुलाने सांगितले, त्यांची नात देवळालीत असते. आम्ही पत्र टाकले. महिन्याभराने उत्तर आले, सुरेख इंग्रजी अक्षरात, आणि पाठोपाठ कापडी बांधणीची एक लांबट वही. आजोबांची उधारीची वही, १९४८ ते १९५०. पाहून परत करावी, अशी विनंती.

वही गुजरातीत होती. येथील एका कापडदुकानदाराला शेजारी बसवून आम्ही ती वाचली. रेल्वेची माणसे पानोपानी होती: गार्ड, शंटर, तिकीट तपासनीस, फायरमन. पुढे तारखा, बाटल्या, रुपये-आणे-पै. पगाराच्या दिवशी थोडे जमा, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नावे. ५ एप्रिल १९५० या तारखेला, म्हणजे बंदी लागू होण्याच्या आदल्या दिवशी, बहुतेक सर्व खात्यांवर तिरपी रेघ ओढून 'माफ' असे लिहिले होते. एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे.

तेविसाव्या पानावर आमच्या सासऱ्यांचे नाव होते.

ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस-एकोणतीस असावे. बंदीनंतर ते चोरट्या दारूकडे वळले आणि १९६२ साली, एकेचाळिसाव्या वर्षी वारले. सौ. तेव्हा नऊ वर्षांची होती. आईने पुढे रेल्वेच्या साहेबांकडे कपडे शिवून चार मुले वाढविली. घरात दारूचा थेंब का येत नाही आणि पेले ट्रंकेत का राहतात, हे यावरून कळावे.

वहीचे ते पान तिला दाखवावे की नाही, यावर आम्ही दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशी दाखविले. तिने चष्मा लावून आकडा विचारला. सत्तेचाळीस रुपये नऊ आणे.

"माफ केले त्यांनी," आम्ही म्हणालो.

"अहो, दुसऱ्या दिवशी दुकानच बंद व्हायचं होतं. माफ न करून करणार काय होते?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माणूस एवढी उधारी देतोच कशाला? दोन पोरं पदरात होती तेव्हा बाबांना."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. त्या व्यापाऱ्याच्या बाजूने बोलायचे तर पुष्कळ बोलता येते. परवाना सरकारचा, माल सरकारने कर घेतलेला, गिऱ्हाईक सज्ञान. नातीने पत्रात लिहिले होते की दुकानाला मोहोर लागल्यावर आजोबा वर्षभर पेठेत फिरले नाहीत. हेही खरेच असणार. पण उधारीची ती वही नीट वाचली की दिसते, की पगाराच्या दिवशी जमा झालेली रक्कम कधीही पूर्ण बाकी फेडण्याइतकी नव्हती, आणि दुकानदाराने ती तशी मागितलेलीही दिसत नाही.

वहीत आमच्या धर्मग्रामातील आणखी अकरा नावे ओळखू आली. त्यांपैकी काहींची नातवंडे आज चर्चच्या कामांत पुढे असतात. चर्चच्या सणाला जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले तेव्हा तरुण मंडळींनी पेले मागितले, आम्ही दिले. वहीचा उल्लेख केला नाही. फिप्सनच्या पेल्याखाली मात्र फादर ब्लॅटर यांच्याविषयी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या लोकांनी आवडीने वाचल्या.

वही परत द्यायला आम्ही उभयता देवळालीस गेलो. टपालाने पाठवावी असे आमचे मत होते, सौ. म्हणाली, आपण नेऊन देऊ. बाई पंच्याहत्तरीच्या, सडसडीत, घर नीटनेटके. त्यांनी चहा केला, सोबत मावा केक ठेवला. आजोबांचे छायाचित्र दाखविले. डगली, पगडी आणि अगदी थकलेले डोळे. सौ.ने ते पुष्कळ वेळ पाहिले. मग पाकीट उघडून पन्नासाची नोट काढली आणि वहीवर ठेवली.

"माझ्या वडिलांची बाकी," ती म्हणाली. "तेविसावं पान."

आम्हांला वाटले, बाई आता संकोचतील, नको म्हणतील. त्यांनी वही उघडली, पान पाहिले, आकडा वाचला. मग उठून आत गेल्या, कुठल्याशा डब्यात खुळखुळ केली आणि दोन रुपयांचे एक नाणे आणून सौ.च्या हातावर ठेवले.

"वरचे सुटे नाहीत माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

"राहू द्या," सौ. म्हणाली, आणि तिने चहाचा कप उचलला.